बेड नंबर तीनवरच्या आजी मराठीत बोलल्या

आधीच सांगते, मी नर्स आहे. अंगात येणं, उतारे, भानामती... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी आधी त्याचा बीपी बघते. सासूबाई म्हणतात, "हिच्यासमोर यायचं तर भुतालासुद्धा आधी नंबर लावावा लागेल." तर अशी मी! आणि आज मीच हे लिहायला बसलेय. इतके महिने पोटात ठेवलंय, आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून.

मी शुभदा, मूळची सांगलीची. नवरा निनाद पुण्याचा, आयटीत. मुलगी इरा, नऊ वर्षांची. आम्ही सिंगापूरला बुकित पंजांगमध्ये राहतो, अगदी एलआरटीच्या रुळांसमोर. लग्नाआधी मी सांगलीत पाच वर्षं नर्सिंग केलं. इथे आल्यावर लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागते. पहिल्यांदा नापास झाले, तोंड लपवून रडले. दुसऱ्यांदा पास! पण पास झालं की लगेच पूर्ण नोंदणी मिळते असं नाही. आधी अटींवरची नोंदणी, मग काही महिने एका सीनियरच्या नजरेखाली काम, मग तिचा रिपोर्ट नर्सिंग बोर्डाकडे जाणार. तो चांगला गेला तर तुम्ही नर्स. नाहीतर घरी बसा.

मला एका नर्सिंग होममध्ये काम मिळालं. माझ्यावर नजर ठेवायला होत्या सिस्टर लिम. बाई म्हणजे फार कडक! हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. रिपोर्ट जायला फक्त तीन आठवडे उरले होते.

त्या दिवशी मी नव्या खोलीत होते, माझा तिथला दुसराच दिवस. बेड दोन आणि बेड तीनवर दोन वयस्कर बायका, दोघीही आडनावाने टॅन. दोघींना विस्मरणाचा आजार, दोघी बोलत नाहीत. तीनवाल्या टॅन आंटींना मधुमेह होता, जेवणाआधी दहा युनिट इन्सुलिन. दोनवाल्यांना मधुमेह बिलकूल नव्हता.

इन्सुलिनचा नियम असा, की दोन नर्सनी तपासायचं आणि दोघींनी सही करायची. तेही पेशंटच्या बेडपाशी उभं राहून. पण दुपारी जेवणाची घाई असते हो! माझ्या जोडीला ग्रेस होती, फिलिपिन्सची, कामाला चोख. तिने ट्रॉलीपाशीच इन्सुलिनचं पेन बघितलं, युनिट बघितले, सही ठोकली आणि दुसऱ्या खोलीतून हाक आली म्हणून गेली. मी एकटी बेड तीनपाशी गेले. तीनवाल्या आंटींच्या त्वचेला पट्टा सोसत नसे, म्हणून त्यांच्या नावाचा मनगटी पट्टा बेडच्या कठड्याला बांधून ठेवलेला. मी कठड्यावरचं नाव वाचलं. जुळलं. औषधाच्या कागदावर फोटो असतो, तो मी पाहिला नाही. आणि नाव? बाई बोलतच नाहीत तर नाव विचारायचं काय, असं म्हटलं मनात.

इथे तुम्हाला वाघमारे सिस्टरांबद्दल सांगायलाच हवं. सांगलीतल्या आमच्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर. त्यांचा एकच हेका – सुई टोचण्याआधी पेशंटला नाव विचारायचं. एकदा बेशुद्ध पेशंटसमोर मी आगाऊपणे म्हणाले होते, "सिस्टर, हे काय उत्तर देणारेत?" तर सगळ्या बॅचसमोर पेनाच्या टोकाने माझ्या मनगटावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "उत्तरासाठी न्हाई विचारायचं शुभे. तुझा हात थांबावा म्हणून विचारायचं." मला शुभे म्हणणारं जगात हे एकच माणूस. घरी मी शुभा, इथे सगळ्यांसाठी शू. दीड वर्षापूर्वी सिस्टरांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून एक शब्द नाही.

तर... मी आंटींचा सदरा थोडा वर केला. पेन पोटापाशी नेलं. घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

आणि आंटी बोलल्या.

"नाव विचारलंस काय, शुभे?"

मराठीत! आमच्या सांगलीच्या मराठीत! अहो, ती चिनी बाई, तिच्या घरचेसुद्धा येऊन तिच्याशी होकियनमध्ये बोलतात आणि ती छताकडे बघत राहते. पण आत्ता ती थेट माझ्याकडे बघत होती. आवाज तिचाच होता, बारीक आणि बसलेला. पण ती दटावणी... ती ढब... थेट वाघमारे सिस्टरांची! माझा हात तिथल्या तिथे थांबला.

मी पेन ट्रेमध्ये ठेवलं. चादर बाजूला केली आणि आंटींचा हात बाहेर काढला. मनगटावर पट्टा होता! आणि त्यावर बेड दोनवाल्या टॅन आंटींचं नाव. सकाळी आंघोळीनंतर दोघींना चुकून एकमेकींच्या बेडवर झोपवलं होतं. मधुमेह नसलेल्या, चाळीस किलोच्या बाईला मी दहा युनिट इन्सुलिन देणार होते. साखर किती खाली गेली असती, आणि बोलता येत नसलेल्या बाईने ते सांगितलं कसं असतं? मेली असती हो बिचारी माझ्या हातून.

"शू, काय झालं?" खिन विचारत होती. खिन आमची मदतनीस, म्यानमारची, पन्नाशीची. समोरच्या बेडवरच्या आजींना ती सूप भरवत होती. तिचा चमचा हवेतच राहिला होता. "आंटी बोलली! दोन वर्षांत पहिल्यांदा! तुझ्या भाषेत बोलली ना? तू फोनवर आईशी बोलतेस तसं. तुला काहीतरी हाक मारली... सुबे. सुबे कोण?"

भास म्हणावा तर हिनेसुद्धा ऐकलं होतं! मी स्टुलावर बसले. ग्रेसला बोलावून आणलं. दोघी आंटींना आपापल्या जागी नेलं, फोटो बघून, पट्टे बघून, योग्य बाईला योग्य इन्सुलिन दिलं. मग ग्रेसने मला लिनन रूममध्ये ओढलं.

"काही झालं नाही ना? मग लिहू नकोस, प्लीज. तुझा रिपोर्ट जायचाय. माझी सही आहे त्यावर, मी बेडपाशी नव्हते. दोघींचं करिअर जाईल."

खरं सांगू? मला पटलं. होता होता टळलेली चूकसुद्धा पाळी संपायच्या आत लिहून द्यायची, हा नियम मला पाठ होता. पण तीन आठवडे उरले होते! दोनदा परीक्षा, इराला डबा देऊन पहाटेचा अभ्यास, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी गप्प बसायचं ठरवलं. होय, ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू.

तीन वाजता पाळी संपली. लॉकर उघडला, बॅग खांद्याला लावली, फोन चालू केला. आमच्या नर्सिंगच्या बॅचचा ग्रुप आहे, त्यावर शंभरेक मेसेज पडलेले. पहिला वाघमारे सिस्टरांच्या सुनेचा होता; सिस्टरांच्या तब्येतीचं कळवायला तिलाही ग्रुपवर घेतलंय.

"आनंदाची बातमी! आज सकाळी चहा पाजताना आई एकदम स्पष्ट बोलल्या. 'नाव विचारलंस काय, शुभे' म्हणाल्या. पुन्हा गप्प झाल्या. ही शुभे कोण, कुणाला माहीत आहे का?"

खाली सगळ्या मैत्रिणींनी माझं नाव लिहून कल्ला केला होता. मेसेजची वेळ अकरा चव्वेचाळीस. म्हणजे आपल्याकडचे सकाळचे नऊ चौदा, आंटी बोलल्यावर चारच मिनिटांनी. मी ते तीनदा मोजलं. बोटांवर मोजलं!

मी लॉकर रूममध्ये मोठ्याने ओरडले. दोन बायका धावत आल्या. मग बॅग तशीच खांद्याला, मी उलटी फिरले, सिस्टर लिमच्या केबिनमध्ये गेले आणि फॉर्म मागितला. सगळं लिहिलं. फोटो पाहिला नाही, नाव विचारलं नाही, बेडपाशी दुसरी नर्स नव्हती. एकाच रकान्याशी अडले – चूक कशी लक्षात आली?

सिस्टर लिमनी चष्म्यावरून बघितलं. "लिही की."

मी सांगितलं. पेशंटने मला विचारलं, म्हणून. कुठल्या भाषेत? मराठीत. वाटलं, आता ही बाई मला मानसोपचाराला पाठवते. त्यांनी खिनला बोलावलं, बाजूला नेऊन विचारलं. परत आल्या, खुर्चीत बसल्या.

"पेशंट बोलली, हे खरं?"

"खरं, सिस्टर."

"मग 'पेशंटने विचारलं' असं लिही. कुठल्या भाषेत, ते फॉर्म विचारत नाही."

आणि देवाशपथ सांगते, त्या हसल्या!

चौकशी झाली. ग्रेसला समज मिळाली. दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, मग लिटिल इंडियातून आणलेल्या चकल्यांवर आमची गट्टी पुन्हा जमली. माझी सीनियरच्या नजरेखालची मुदत आणखी तीन महिने वाढली. निनाद म्हणाला, "अगं, ताणामुळे होतं असं." मी मेसेज दाखवला, तर त्याने फोन उलटा-सुलटा करून वेळेची सेटिंग तपासली आणि चहा करायला उठून गेला. इरा तेवढी टाळ्या पिटत इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आंटी सो पॉवर लाह!" म्हणजे आंटी एकदम भारी.

गेल्या आठवड्यात माझी पूर्ण नोंदणी झाली! लगेच सांगलीला व्हिडिओ कॉल लावला आणि सर्टिफिकेट छापून कॅमेऱ्यासमोर धरलं. सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, मी शुभे. त्या दिवशी नव्हतं हो विचारलं नाव. आता रोज विचारते." सुनेने फोन त्यांच्या जवळ नेला. त्यांनी डावा हात हळूहळू उचलला, आणि पडद्यावर माझं नाव छापलं होतं ना, बरोब्बर तिथे बोट नेऊन टकटक केलं. मी ओक्साबोक्शी रडले, सगळ्यांसमोर.

बेड दोनवाल्या टॅन आंटी त्यानंतर एक अक्षर बोललेल्या नाहीत. हे कसं झालं, मला माहीत नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, फक्त मला भास झाला असं म्हणू नका, तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी रोज गोळ्या घेऊन त्यांच्यापाशी जाते आणि चक्क मराठीत विचारते, "आंटी, नाव काय तुमचं?" त्या छताकडे बघत राहतात. मी थोडी थांबते, फोटो बघते, पट्टा बघते, आणि मगच गोळी देते.