बायोवाल्यांचं कॅल्क्युलस

ॲग्रीच्या फर्स्ट इयरचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठत जातात. आमच्या बॅचमधल्या कोणाच्याही लग्नाला जा. पंगतीत जिलेबी येईपर्यंत नोकरी, बदली, पोरंबाळं सगळं बोलून होतं, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "अय, ते मॅथ्सचं आठवतंय का?" झालं! नवरदेव राहतो बाजूला आणि माझी अब्रू पंगतीत वाढली जाते. मागच्या लग्नात तर नवरीकडच्यांनाही माझे मार्क कळले. म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावं.

*

माझे पप्पा सेलूला हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. माझ्यासकट निम्म्या गावाने त्यांच्याकडून पाढेही घेतलेत आणि छड्याही. त्यांच्या पोराने अकरावीला गणित सोडून बायो घेतलं, तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. मी मात्र खूश. सुटलो एकदाचा!

बारावीनंतर परभणीच्या कृषी विद्यापीठात ॲग्रीला ॲडमिशन झालं. पहिल्या दिवशी टाइमटेबल बघितलं, तर त्यात मॅथ्स! बायोवाल्यांचं गणित कच्चं, म्हणून खास बायोवाल्यांसाठी ठेवलेलं. त्यात कॅल्क्युलससुद्धा. नापास झालात तर पुढच्या वर्षी ज्युनिअर पोरांच्यात बसायचं. आणि अशी बातमी सेलूला पोचायला एसटीचीही गरज नसते.

मी घाबरून पप्पांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, "सापडलास!"

*

शिकवायला मोरे मॅडम होत्या. बोलायला मऊ, पेपर तपासायला कडक. एकदा फळ्यावर वाकडी रेघ काढून म्हणाल्या, "ग्राफ जिथं सपाट होतो, तिथं डेरिव्हेटिव्ह झिरो. म्हणजे तिथं एक तर शिखर असतं, नाहीतर तळ."

मला कधी नव्हे ते काहीतरी सुचलं. उठून म्हणालो, "मॅडम, आमचं सेलू सगळं सपाटच हाय. मग आमी शिखरावर का तळाला?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "गावाचं मला माहीत नाही. पण तुझा टेस्टचा पेपर कालच बघितला. तू तळाला."

*

मिडटर्मला एक गणित आलं ते बॅक्टेरियाच्या वाढीचं. वाढीचा वेग काढा, असा प्रश्न. पण बॅक्टेरिया हा शब्द बघूनच मला भरून आलं. परमुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं! मी पेन ठेवून पेन्सिल घेतली. पानभर मोठी आकृती काढली. सेल वॉल, फ्लॅजेला, सगळ्यांना बाण काढून नावं दिली. पुढच्या पानावर पिकांवर पडणारे रोग आणि त्यांवरचे उपाय लिहिले. या सगळ्यात डेरिव्हेटिव्ह घ्यायचं तेवढं राहून गेलं.

पेपर परत आला. मॅडमनी लाल पेनाने शेरा मारला होता, "रोगांवरचे उपाय उत्तम. गणित मात्र दगावलं!"

तो पेपर हॉस्टेलभर फिरला. माझ्याकडे परत आला तेव्हा त्यावर चहाचे डाग होते.

*

मग मला फळ्यावर बोलावलं. खताचा किती डोस दिला तर उत्पन्न सगळ्यात जास्त येईल, ते काढायचं होतं. मी घाम गाळून, खडू मोडून उत्तर आणलं. उणे चाळीस किलो!

"अस्सं," मॅडम म्हणाल्या. "आता हे शेतकऱ्याला कसं समजावून सांगणार?"

माझा रूममेट बालाजी मागच्या बाकावर बसायचा. राणीसावरगावचा, घरची शेती. तो तिथूनच ओरडला, "सोप्पं हाय की मॅडम! मागल्या साली टाकलेलं खत उकरून काढा आन् दुकानात वापस करा म्हणायचं!"

मॅडमना पुढं शिकवताच आलं नाही. मला तेवढाच दिलासा.

*

परीक्षेच्या आधीच्या रविवारी बालाजीने आयडिया काढली. "तुझे पप्पा गणिताचे सर हायेत. फोन लाव, स्पीकरवर टाक."

आमच्या खोलीत सगळे बायोवाले गोळा झाले. पप्पा खुशीत आले आणि फोनवरूनच इंटिग्रेशन शिकवायला लागले. पोरं शंका विचारत होती, पप्पा सांगत होते. मलाही हुरूप आला. मीही एक शंका विचारली.

मग पप्पांचा आवाज चढला, "हे कोन विचारलं? याला दहावी पास कुनी केलं?"

बालाजी फोनजवळ सरकून अदबीने म्हणाला, "सर, तुमीच!"

*

निकाल लागला तेव्हा मी सेलूला होतो. मी नापास झालो तर पप्पा स्टाफरूममध्ये कसे बसतील, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी मोबाईल पप्पांच्या हातात दिला, निकाल त्यांनीच उघडला.

पास! अगदी काठावर, पण पास!

पप्पांनी पेढ्यांचा बॉक्स घेतला आणि मला स्कूटरवर मागं बसवून थेट शाळेत नेलं.

पप्पांचा एक नियम शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाहीत, प्रत्येक पायरी दिसली पाहिजे. याच्यापायी त्यांनी खुद्द हेडसरांच्या मुलाचे मार्क कापले होते. हेडसर ते विसरलेले नव्हते. त्यांनी पेढा हातात घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं विचारलं, "गणितात पास? वा, वा! किती पडले?"

मी फरशी बघायला लागलो. पप्पांनी हेडसरांच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.

"सर, उत्तर बरोबर आलंय. पायऱ्या कशाला विचारायलात?"