दुसऱ्या भागाची चौकशी

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला आमच्या साडूंनीच घाबरवलेलं असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान चौसाळ्यात हायवेलगत विजेच्या सामानाचं दुकान चालवतात. वायर, स्टार्टर, पाण्यातल्या मोटारी, पंखे असं सगळं विकतात आणि विजेचं नाव काढलं की दचकतात. गिऱ्हाईक साधं बटण घ्यायला आलं तरी आधी त्याचे हात ओले नाहीत ना, ते बघतात. मग मेन स्विच कुठे आहे, पायात चप्पल असते का, घरातली पोरं कुठे खेळतात अशी सविस्तर विचारपूस होते, आणि बटण हातात देताना म्हणतात, "बसवून झालं की फोन करा." काही गिऱ्हाइकं घाबरून बटण तिथेच ठेवून जातात. दुकान तरीही चालतं, कारण ज्यांनी एकदा फोन केला ते जन्मभर दुसऱ्या दुकानात जात नाहीत.

हा फोनचा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. चौसाळ्याहून बीडला यायचं म्हणजे काही काशीला जायचं नव्हे, पण साडू एसटी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे असतात आणि खिडकीशी येऊन हमखास सांगतात, "पाव्हणे, पोचलं की फोन करा." मी एकदा विसरलो. घरी आलो, जेवलो आणि फोन बंद करून दुपारची ताणून दिली. जाग आली तेव्हा दारात साडूंनी फोन करून धाडलेले शेजारी, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि ओळखीचा एक कंडक्टर असे तिघं उभे होते आणि माझी बायको त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती की हे आत झोपलेत, खरंच झोपलेत. तो कंडक्टर अजूनही मला बघितलं की "सर, पोचलात का?" असं विचारतो.

साडूंच्या भीतीचं दुसरं अंग म्हणजे चौकशी. आमच्याकडे सोयरीक जुळवायची म्हटलं की आधी गुपचूप चौकशी होते. त्या गावच्या चहाच्या टपरीवर बसायचं, आडून आडून घराणं काढायचं, पोरगा पितो का, बाप कज्जेदलाल आहे का, ते बघायचं. सगळेच करतात. पण साडूंच्या थोरल्या मुलीला कडा गावचं एक चांगलं स्थळ आलं तेव्हा त्यांची चौकशी संपेचना. एका माणसानं चांगलं सांगितलं की ते म्हणत, हा त्यांच्याकडचाच दिसतो. वाईट सांगितलं की म्हणत, याचं त्यांच्याशी वाकडं दिसतं. असं करता करता मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, आणि त्या लग्नाची पत्रिका साडूंना आली. पोरगी पुढे पुण्यात चांगल्या घरी पडली, पण ती केवळ आमच्या मेहुणीनं नवऱ्याला न विचारता सुपारी फोडली म्हणून.

मुलगी सासरी गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. मोटार बरेच दिवस बंद ठेवली की जाम होते, हा साडूंचा धंद्यातला अनुभव. तोच नियम त्यांनी कॉम्प्युटरला लावला आणि रोज दुपारी थोडा वेळ तो नुसता चालू ठेवायला लागले. त्यात मुलीनं घातलेला एक खेळ होता. आपण एक योद्धा व्हायचं, परक्या मुलखात हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कोणाला मदत करायची आणि कोणाशी लढायचं ते आपणच ठरवायचं. मोटारींच्या माहितीपत्रकांवर पोसलेल्या इंग्रजीच्या जोरावर साडू त्यात शिरले ते शिरलेच. जे घरच्या कोणाला गच्चीवरही जाऊ देत नाहीत ते राक्षसांच्या मुलखात रोज जाऊ लागले. अर्थात गेले ते आपल्या पद्धतीनं. दुसऱ्यांचा योद्धा तलवार उपसून गुहेत घुसतो, तर साडूंचा योद्धा गुहेबाहेर उभा राहून आधी आजूबाजूच्या गावांतून माहिती काढायचा, आणि वाटेत दरोडेखोर भेटले तर चार शब्द गोड बोलून रस्ता बदलायचा. लोकांनी तो खेळ एका सुट्टीत संपवला, साडूंना काही वर्षं लागली.

त्या खेळात एक म्हातारा नावाडी होता. नदीपार नेता नेता तो योद्ध्याचा सोबती होतो आणि मग सगळीकडे बरोबर हिंडतो. रोज मुक्कामाला चूल पेटवायची, योद्ध्याच्या जखमा बांधायच्या आणि आपल्या नावेबद्दल काहीतरी जुनंपानं सांगायचं, एवढंच त्याचं काम. साडू त्याला बाबा म्हणत. जेवताना ते मेहुणीला सांगत, "आज बाबाला ताप हाय, औषध आणायला लांब जावं लागलं," आणि आमची मेहुणी वाढता वाढता हूं म्हणायची. शेवटची लढाई आली तेव्हा साडू अडले. लढाईत नेलेला सोबती वाचेलच याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला नदीच्या घाटावर बसवलं, "मी परत येतो," हे उत्तर निवडलं आणि एकटे लढायला गेले. लढाई जिंकली आणि खेळ तिथेच संपला. घाटावर परत जायचा प्रसंग खेळ बनवणाऱ्यांनी केलेलाच नव्हता. म्हातारा बसला तो बसलाच, आणि साडूंनी तो कॉम्प्युटर पुढे कोणाला विकू दिला नाही की बदलू दिला नाही.

अशा स्थितीत त्या खेळाचा दुसरा भाग आला. फोनवर या खेळाच्या वेड्यांचा एक ग्रुप आहे, त्यात धुमाळी सुरू झाली. एक म्हणे लढाईची सगळी मजा घालवली, दुसरा म्हणे चित्रं डोळे दिपवणारी आहेत, तिसरा म्हणे पहिल्या भागाची सर याला नाही आणि तरी मी रात्रंदिवस का खेळतोय ते माझं मलाच कळत नाही. साडूंना यातल्या कशाशीही देणंघेणं नव्हतं. त्यांनी दोनच गोष्टी वाचल्या होत्या. दुसरा भाग प्रत्येकाच्या पहिल्या भागातलं सगळं लक्षात ठेवतो, ही एक. आणि हरलेल्या सैन्यानं पळून जाताना नदीकाठची काही गावं जाळली, ही दुसरी. कोणाची कोणती गावं जळाली ते ज्यानं त्यानं आपल्या खेळात जाऊन बघायचं होतं.

त्यांनी मला चौसाळ्याला बोलावून घेतलं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. दुकानात कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "पाव्हणे, संगं नेला आस्ता तर लढाईत मेला आस्ता म्हणून मीच त्याला मागं ठिवला. आन आता म्हणत्यात, मागं राहिलेलेच जळाले." आणि ते स्टार्टरच्या खोक्यांवरची धूळ पुसायला लागले. सिरसाळ्यात त्या ग्रुपमधले एक खताचे दुकानदार होते, त्यांनी दुसरा भाग सुरू केला होता. मी तिकडे जाऊन चौकशी करावी, असं साडूंचं म्हणणं होतं. "माझं नाव काढू नका. आडून इचारा. म्हातारा जिता हाय का, येवढंच बघून या." मला हसू येत होतं, पण बायकोनं आधीच बजावलं होतं की दाजींचं मन मोडू नका. मी तेलगावच्या रस्त्यानं सिरसाळ्याला गेलो.

खताचे दुकानदार धिप्पाड आणि मोकळे गृहस्थ होते. आत पोत्यांच्या थप्पीआड त्यांनी कॉम्प्युटर मांडला होता. पडद्यावरून डोळे न काढता ते मला सांगत होते, "भंगार करून ठिवलाय, सर. पयल्या भागात डोंगर चढून जावं लागायचं, तवा पोचल्याची किंमत कळायची. आता नकाशावर बोट ठिवलं की पोचलाव." पंगतीत भाजीला नावं ठेवत ठेवत तिसऱ्यांदा वाढून घेणाऱ्यांपैकी ते होते. मी आडून आडून नदीचा विषय काढला, मग नावेचा काढला, आणि शेवटी सरळच विचारलं. ते म्हणाले, "तो म्हातारा व्हय? तो तर पयल्याच भागात गेला. मीच नेला हुता लढाईला." मग पहिल्यांदाच त्यांनी खेळ थांबवला. "लई चांगला हुता बे तो," असं ते मला नव्हे, पडद्याला म्हणाले. थोड्या वेळानं चहा आला आणि आम्ही पावसापाण्याचं बोललो.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येकाचा म्हातारा वेगळा होता. सिरसाळ्याच्या म्हाताऱ्यावरून चौसाळ्याच्या म्हाताऱ्याचं काहीच कळण्यासारखं नव्हतं, आणि इतकी वर्षं तो खेळ खेळलेल्या साडूंना हे माझ्या आधीच ठाऊक असणार. मुलीच्या स्थळाच्या वेळी जे केलं तेच ते आताही करत होते. चौकशी चालू आहे तोवर उत्तर ऐकायला नको. दुकानात शिरल्या शिरल्या मी म्हणालो, "साडूभाऊ, त्यांचा वारलाय. तुमचा तुम्हालाच बघावा लागेल." ते नुसतं "बरं" म्हणाले आणि दुकानाचं शटर ओढायला लागले.

आम्ही घरात कॉम्प्युटरपुढे बसलो. मेहुणी दाराशी येऊन उभी राहिली. साडूंनी आधीच आणून ठेवलेला दुसरा भाग सुरू झाला आणि पहिल्या भागातलं सगळं आत घेऊ का, असं खेळानं विचारलं. साडूंनी होकार दिला आणि नेमकी त्याच वेळी घरातली वीज गेली. मी फ्यूज बघायला उठलो तर त्यांनी मला खांद्याला धरून मागे ढकललं. "तुमी लांब उभं ऱ्हावा." आणि ज्यांनी गिऱ्हाइकांना जन्मभर चप्पल घालायला लावली त्या आमच्या साडूंनी अनवाणी पायांनी जाऊन, घामानं भिजलेल्या हातांनी तो फ्यूज बसवला. मेन स्विचसुद्धा बंद केला नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या भीतीची टिंगल करत आलो, पण ती भीती स्वतःसाठी कधीच नव्हती हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझंच तोंड एवढंसं झालं.

वीज आली, खेळ पुन्हा चालू झाला. योद्धा नदीकडे निघाला. पहिलं गाव जळालेलं होतं, दुसरंही. साडूंनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "तुमीच सांगा आता." इतके दिवस ज्याला हसलो तो चित्रातला म्हातारा जिवंत असावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो. धुकं सरलं, घाट दिसला, नाव दिसली, आणि पायरीवर पाठमोरं कोणीतरी बसलेलं दिसलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, आहे." त्यांनी डोळे उघडले. म्हातारा वळला. दाढी पार पांढरी झाली होती. तो काहीतरी बोलला आणि ते खाली इंग्रजीत उमटलं. साडूंनी मला त्याचं मराठी करून सांगितलं, "म्हनतोय, लई येळ लावला रं. बस, भाकर खा." इंग्रजीत फक्त उशीर झाल्याचं लिहिलं होतं. भाकर साडूंनी घातली होती. मेहुणीनं पदरानं डोळे टिपले आणि चहा ठेवायला आत गेली.

मग म्हातारा वल्हं घेऊन उभा राहिला आणि खेळानं विचारलं, याला बरोबर न्यायचं की इथेच ठेवायचं? साडूंनी त्यावर आजतागायत उत्तर दिलेलं नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांचा दुसरा भाग कधीच संपला, नावं ठेवूनही झाली, आणि आता तिसरा येणार म्हणून भांडणं चालू आहेत. साडू अजून घाटावरच आहेत. दुपारी दुकान बंद करून येतात, म्हाताऱ्याशेजारी योद्ध्याला बसवतात आणि पाणी वाहताना बघत बसतात. दुसरा भाग कसा वाटला म्हणून कोणी विचारलंच तर सांगतात, "नदी चांगली दाखिवलीय."

परवा मी चौसाळ्याहून निघालो तेव्हा ते नेहमीसारखे खिडकीशी आले आणि नेहमीचंच बोलले. त्यांचे केसही आता बरेच पांढरे झालेत. मांजरसुंब्याचा घाट उतरताना मला उगाच भीती वाटली की एक दिवस ही एसटी निघेल आणि कडेला कोणी उभं नसेल. बीडला उतरलो आणि घरी जायचीही वाट न बघता स्टँडवरूनच फोन लावला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला. मागे नदीचा आवाज येत होता.

"पोचलात? बरं झालं," ते म्हणाले. "मग उठतो आता. आमी दोघं कवाचं बसलाव वाट बघत."