स्वयंपाकघरातलं ऊन

हर्षा गजभियेला जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये येऊन बरीच वर्षं झाली होती आणि या गावाशी तिचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. घर चांगलं, इन्स्टिट्यूटमधलं मातीतल्या जिवाणूंवरचं काम मनासारखं, खालच्या मजल्यावरची शेजारीणबाईही जिना झाडण्याच्या पाळीपलीकडे कटकट न करणारी. पण ऑक्टोबर सरला की इथला सूर्य जो रजेवर जायचा, तो मार्चपर्यंत तोंड दाखवायचा नाही. मधले सगळे दिवस आभाळ ओल्या पोतेऱ्यासारखं लोंबत राहायचं. लोक अंधारात कामाला जायचे, अंधारातच परतायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

हर्षा मात्र त्या दिवसांत मिटून जायची. रडणं नाही, तक्रार नाही, नुसतं जडपण. घरी आली की कोटासकट पलंगावर आडवी. नवरा जीवन गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तो बिचारा वरणभाताचा कुकर लावायचा आणि सात वर्षांच्या उर्जाला हळूच सांगायचा, आई झोपलीय. पोरगी शहाणी झाली होती. तिच्या वयाला शोभणार नाही इतकी शहाणी. काही हवं असलं तरी मागायची नाही, खेळताना पडली तरी आवाज करायची नाही. एकदा शाळेत आईचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं एक मोठं पांघरूण काढलं आणि त्यातून बाहेर आलेले थोडे काळे केस. ते चित्र हर्षानं पाहिलं. स्वतःसाठी ती डॉक्टरकडे कधीच गेली नसती. लेकीसाठी गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिवाळ्यात पुष्कळांना होतं, याला औषधाइतकाच उजेडाचा उपयोग होतो. त्यांनी एक खास दिवा घ्यायला सांगितला. ताटाएवढा, पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा. रोज सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं.

आता सकाळी उठून बसायचं म्हणजे काय, हे हर्षाला कुणी शिकवायला नको होतं. नागपूरला तिची आई, लीलाबाई, त्रिशरण-पंचशील झालं की घरातल्या सगळ्यांना बुद्धमूर्तीपुढे बसवायची. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष श्वासावर. हर्षानं दिवा इथल्या घरातल्या बुद्धमूर्तीच्या शेजारीच मांडला आणि रोज नेमानं त्याच्यासमोर डोळे मिटून बसू लागली. प्रयोगशाळेत सूचना वाचल्याशिवाय बाटलीचं झाकणही न उघडणाऱ्या या बाईनं दिव्यासोबत आलेला कागद मात्र उलगडूनसुद्धा पाहिला नव्हता. डिसेंबर अर्धा सरला. जडपण तसूभरही हललं नाही. उलट आता उजेडही आपल्याला लागू पडत नाही, ही एक नवी निराशा पदरात पडली.

पुन्हा डॉक्टरकडे गेली तेव्हा बाईंनी सहज विचारलं, दिव्यापुढे बसून काय करता? ध्यान, हर्षा म्हणाली. आणि डोळे? मिटलेले, अर्थात. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फ्राऊ गजभिये, हा उजेड डोळ्यांतूनच आत जातो. दिव्याकडे टक लावू नका, पण डोळे उघडे ठेवा. मग वाचा, नाश्ता करा, काहीही करा."

घरी येऊन तिनं हे सांगितलं. तिला हसूही आलं नाही आणि रडूही. जीवनला मात्र दोन्ही आलं.

पण उघड्या डोळ्यांनी बसून करायचं काय? वाचायला घेतलं तर अक्षरं डोक्यात शिरत नव्हती. रविवारी लीलाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी जावयालाच धारेवर धरलं. जीवनराव, तिला जरा उन्हात बसवत जा ना. आई, ऊन असतं तर बसवलं असतं, जीवन म्हणाला. असं कसं बाई हे गाव, म्हणून लीलाबाईंनी कपाळाला हात लावला. मग दिव्याचा सगळा प्रकार नीट ऐकून घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "पण रिकाम्या हातानं ऊन खाताना तू कोणाला पाहिलं का कधी?"

खरंच पाहिलं नव्हतं. हर्षाला माहेरच्या, इंदोऱ्यातल्या घराची गच्ची आठवली. नागपूरची डिसेंबरातली सकाळ, अंगात मुरत जाणारं कोवळं ऊन, चटईवर तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. शेजारणी आपापली सुपं घेऊन यायच्या. सोलता सोलता निम्मे दाणे पोरांच्या तोंडात जायचे. संत्र्याच्या सालींचा वास, कुणाच्या तरी लग्नाची बोलणी, कुणाची तरी उणीदुणी. आई गुडघ्यांत धरून वेणी घालायची आणि ती संपेपर्यंत सुटका नसायची. कंटाळा यायचा तेव्हा. आता तो कंटाळा कुणी दिला असता तर हर्षानं दोन्ही हातांनी घेतला असता.

हॅनोव्हरात तुरीच्या शेंगा कुठून आणणार? पण केस होते. दुसऱ्या दिवशी तिनं दिवा स्वयंपाकघरात आणला, टेबलाच्या एका कडेला ठेवला आणि स्वतः दिव्याकडे तोंड करून उर्जाला पुढ्यात पाठमोरं बसवलं. उर्जा पाहुण्याच्या घरी बसावं तशी अवघडून बसली. गुंता ओढला गेला की तिचे खांदे आखडायचे, पण तोंडातून हूं की चूं नाही. पहिल्या सकाळी हर्षाला वाटलं, दुखत नसेल. मग तिनं वाकून तोंड पाहिलं, तर डोळे पाण्यानं भरलेले. त्या लेकराला आईची भीती वाटत नव्हती, आईची काळजी वाटत होती. हर्षाला इतकं वाईट कशाचंच वाटलं नव्हतं.

तरी ती रोज बसवत राहिली. जानेवारी लागला. बाहेर अंधार तसाच होता, पण हर्षा गजराआधी उठू लागली, चहात आलं किसू लागली, आणि केस विंचरताना मोठ्यानं काहीबाही बोलू लागली. एका सकाळी घाईत तिनं वेणी जरा जोरातच आवळली.

"आउआ!" उर्जा उसळली. "निष्ट झो फेस्ट, मामा!" एवढी घट्ट नको, आई! मग मला वेणीच नको, वर्गातल्या लेनाची आई असं कधी करत नाही, असा जर्मनमधून तोफखाना सुरू झाला. हर्षाही आवाज चढवून म्हणाली, बस खाली, शाळेला उशीर होतोय. आवाज ऐकून जीवन तोंडात ब्रश घेऊन धावत आला आणि सवयीनं ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "हळू गं, आईला त्रास..." आणि मध्येच थांबला.

"भांडू दे तिला," हर्षा म्हणाली. "किती दिवसांचं साचलंय पोरीकडे."

मग तिनं लेकीला ओढून पुढ्यात बसवलं आणि वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.