वजन हँडलला कळतं

कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाजवळ पेन्शन आणि किस्से एवढंच उरतं. पेन्शन पुरत नाही, किस्से संपत नाहीत! आमची कचेरी सौंसरला होती. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. तिथले निम्मे किस्से एकट्या वामनभाऊच्या मोटारसायकलीचे. भाऊ माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून.

*

दुसरी मोठी लढाई संपल्यावर नागपुरात लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात भाऊनं साइडकारवाली मोटारसायकल घेतली. नागपुरात ती झोकात सुरू झाली आणि लोधीखेड्याजवळ झोकात बंद पडली. तिथून भाऊनं ती सौंसरपर्यंत ढकलत आणली.

"काय भाऊ, चालवायला घेतली की ढकलायला?" मी विचारलं.

घाम पुसत भाऊ म्हणाला, "चालवते तर कोणीही. ढकलल्याबिगर गाडीचं वजन कसं कळन?"

*

पांढुर्ण्याच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या जावयानं नवीकोरी मोटारसायकल आणली. गॉगल, कातडी जाकीट, तेही मे महिन्यात! जाम नदीच्या पुलावरून तो भुर्रकन गेला.

"याला म्हणतात मोटारसायकलवाला!" मी म्हणालो.

"तो चालवून नाही राहिला," भाऊ म्हणाला. "तो नुसता बसला आहे."

पुढच्याच आठवड्यात जावई सावरगावच्या वळणावर नाल्यात सापडला. तिथंही बसलेलाच होता!

*

आमचे साहेब दौऱ्याला भाऊच्या साइडकारमध्ये बसून जायचे. एकदा वाटेत भाऊनं विचारलं, "साहेब, आज एकादशी का जी?"

"तुला कसं कळलं?"

"हँडल हलकं लागून राहिलं."

परत येताना भाऊ म्हणाला, "वजन वाढलं साहेब!"

"फराळ जरा जास्त झाला."

"पोटातलं वजन वळणावर माणसासंगं झुकते जी. हे झुकत नाही. पायाशी आहे."

उतरताना साहेबांच्या पायाशी तुपाचे दोन डबे निघाले. त्यानंतर साहेब दौऱ्याला बैलगाडीनं जाऊ लागले. बैल बोलत नाहीत.

*

मग छप्पन साली प्रांत तुटला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमच्या वाट्याला राजधानी म्हणून भोपाळ आलं. काल 'अर्ज' लिहिणारे आम्ही आज हिंदीत 'आवेदन' लिहू लागलो.

भाऊच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, छातीचं दुखणं होतं. डॉक्टर नागपूरचा. भाऊनं नागपूरला बदली मागितली, मिळाली नाही. डॉक्टर परराज्यात गेला, दुखणं मध्य प्रदेशातच राहिलं. दर महिन्याला भाऊ वहिनींना घोंगडीत गुंडाळून साइडकारमधून नेऊ लागला.

सरहद्दीच्या नाक्यावर एकदा शिपायानं घोंगडीकडे बोट दाखवलं. "क्या माल है?"

घोंगडीतून वहिनी म्हणाल्या, "जुना माल आहे दादा. जकात लग्नातच भरली!"

शिपाई हसला. वहिनी हसता हसता खोकत राहिल्या, ते पार सावनेरपर्यंत.

*

डॉक्टर म्हणायचा, वजन वाढलं तर आशा आहे. वजन घटत होतं. भाऊला काटा बघावा लागत नसे, हँडल सांगायचं. फेरी करून आला की तो सरळ फायलीत डोकं घालायचा. आम्ही विचारणं सोडलं.

आणि एके दिवशी भाऊ पेढे घेऊन आला. "वाढलं! हँडल सांगून राहिलं!"

पुढच्या फेरीनंतर पुन्हा पेढे! मी घरी भेटायला गेलो. दाराशी भिंतीला टेकून वहिनी उभ्या होत्या. मला त्या जास्तच वाळलेल्या दिसल्या. पण चेहरा फुललेला होता.

"हे म्हणून राहिले तर वाढलंच असन ना भाऊजी," त्या म्हणाल्या.

साहेबांचं तूप हेरणाऱ्या माणसावर आम्ही विश्वास ठेवला.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात वहिनी गेल्या.

*

तेरावं झाल्यावर मी साइडकार साफ करायला भाऊच्या मदतीला गेलो. घोंगडी उचलली. खाली, पाय ठेवायच्या जागी, वहिनींच्या जुन्या लुगड्याचं गाठोडं होतं. सोडलं तर आत घरचा वरवंटा निघाला, आणि त्याला लागून लोखंडी खलबत्ता.

भाऊकडे बघायची माझी हिंमत होईना. तरी तोंडातून निघून गेलं, "म्हणजे हँडलनं फसवलं तुला?"

भाऊनं वरवंटा आणि खलबत्ता लुगड्यात पुन्हा गुंडाळले, होते तसेच पायाशी ठेवले आणि वरून घोंगडी नीट पांघरली.

"लोधीखेड्याच्या पहिल्याच वळणावर कळलं होतं," तो म्हणाला.