चिंचोका आणि मधली फट

साल १९९१. गडहिंग्लजच्या इंदुमतीबाईंना अर्धांगाचा झटका येऊन सबंध पावसाळा उलटला आहे. उजवा हात लाकडासारखा पडलेला. सून रेवती रोज ताटलीत चिंचोके मांडते, "आई, एक तरी उचला," म्हणते आणि जेवायच्या वेळी स्वतःच घास भरवते. बाईंना मागणं एकच आहे: आपल्या उजव्या हातानं आमटीभात कालवून खायचा.

दुपार आहे. ताटली मांडीवर. डोळे जड होतात, भिंतीवरचा कवडसा हलतो आणि तिथं अक्का उभी असते. थोरली बहीण मालिनी. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. जाऊन कैक वर्षं झाली. हातात खडू, पदर खोचलेला.

"झोपतेस काय इंदे, तास सुरू झालाय."

माजघराचा शाळेचा व्हरांडा होतो. मुली ओळीनं उभ्या. अक्काचा जुना खेळ. पहिली मुलगी मेंदू, शेवटची बोटं. चिंचोका पोचवायचा, पण हाताला हात लावायचा नाही.

"मज्जापेशी सोवळ्यातल्या," अक्का हसते. "एकमेकींना शिवत नाहीत. मधे फट ठेवतात. एकीनं निरोप टाकायचा, दुसरीनं झेलायचा."

पहिली मुलगी इंदुमतीच आहे, परकर-पोलक्यात. ती टाकते. दुसरी झेलते, तिसरी झेलते. मग फिनेलचा वास येतो, व्हरांडा इस्पितळाचा असतो, आणि ओळ मधेच तुटलेली. पार पलीकडे शेवटची मुलगी ओंजळ धरून उभी. चिंचोका पुन्हा इंदुमतीच्याच हातात.

"मधल्या कुठं गेल्या गं?"

"गेल्या. हाक मारली, ओ देत नाहीत."

"मग बाजूच्या सरकतील की!"

"सरकतात कधी कधी. एखादीचं नशीब."

"आणि माझं?"

अक्का खडू झटकते. "तुला कधी खोटं सांगितलंय का मी?"

"मेलीस तरी मास्तरीणपणा गेला नाही तुझा!" इंदुमती रडत ओरडते आणि होता नव्हता तो जोर लावून चिंचोका भिरकावते.

जाग येते. उजवी मूठ मिटलेली आहे. डाव्या हातानं ती एकेक बोट उलगडते. आत चिंचोका.

"आई, तुम्ही उचललात!" रेवती धावत येते. "पुन्हा करा बघू."

हात पडून राहतो. डॉक्टर म्हणतात, झोपेत बोटं आखडतात; चिंचोका डाव्या हातानंच ठेवला असेल.

तो हात पुढं कधीच हलला नाही. इंदुमतीबाई सुनेच्या हातचे घास खात आणखी काही वर्षं जगल्या आणि एका श्रावणात गेल्या. अक्काच्या शाळेत तिच्यामागं तो खेळ कुणी घेतला नाही. रेवतीनं तो चिंचोका परसात पेरला होता. उगवलं काही नाही. पण परस झाडताना ती अजून तेवढी जागा सोडून झाडते.