श्वास येऊ दे, मग पुढचा राउंड

धावणाऱ्या लोकांजवळ किस्से साचतात, कारण जोरात धावताना हसता येत नाही! सारं पोटात राहते आणि मग साहू भैयाच्या चहाच्या ठेल्यावर एकदम बाहेर पडते. आमच्या ग्रुपचं तर धावणं कमी आणि हसणं जास्त, असं होऊन राहिलं आहे.

आमचे कोच म्हणजे ढोबळे काका. रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेले जातात, यांनी बूट आणले. "सारी नोकरी घड्याळ पाहू पाहू केली," म्हणतात, "आता पायाले विचारून धावीन."

थोडं जोरात, थोडं हळू, पुन्हा जोरात. याले इंटरव्हल म्हणतात. त्यासाठी लोक छातीले पट्टे बांधतात, हाताले मशीन लावतात. काकांचं मशीन म्हणजे आपलं तोंड! हळू राउंडमध्ये पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. जोराच्या राउंडमध्ये एकेका शब्दावर वाक्य तुटलं पाहिजे. तुटलं नाही तर तुम्ही कामचोर. आणि जोराचा राउंड संपला की काका हात वर करून रोज तेच म्हणतात, "आता हळू. श्वास येऊ दे. मग पुढचा राउंड."

* * *

या नियमाची पहिली वाट लावली उमाताईंनी. रायपूरच्या पंडरी बाजारात त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, मनोहर भाऊंचं, कापडाचं दुकान आहे. दोघं सोबत धावतात.

उमाताई जोराच्या राउंडमध्येही नणदेच्या घरच्या लग्नाची पूर्ण हकीकत सांगतात. स्वल्पविरामही नाही! काका मागून ओरडतात, "उमा, वाक्य तुटून नाही राहिलं! अजून जोरात!" बाई अजून जोरात धावतात आणि हकीकत मानपानापर्यंत पोचते.

मनोहर भाऊंचं उलट. हळू राउंडमध्येही तोंडून शब्द नाही. काका घाबरले. म्हणे याचा श्वास पुरून नाही राहिला. जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं, ईसीजी काढला. सारं ठणठणीत!

"मग बोलत काहून नाही रे?" काकांनी विचारलं.

मनोहर भाऊ हळूच म्हणाले, "काका, मधे जागाच नाही भेटत."

* * *

काकांचं शिकवणं म्हणजे सारं पंगतीचं. हळू राउंड म्हणजे लग्नात जेवायले निघालो तसं. मधला म्हणजे पंगत बसून राहिली आहे तसं. आणि जोराचा राउंड म्हणजे कोणीतरी सांगितलं, श्रीखंड संपून राहिलं!

एका रविवारी आम्ही नवा रायपुरले गेलो. तिकडे रस्ते रुंद, गाड्या तुरळक, धावायले मजा येते. बीरगांवच्या फॅक्टरीतले एक इंजिनियर, चंद्राकर भैया, पहिल्यांदाच आले होते. काकांनी त्यांना हिंदीतून सारी पंगत समजावली. भैया मान हलवत राहिले, "हव, हव."

जोराच्या राउंडले तो माणूस असा सुटला की आम्ही सारे मागे! काकांचे डोळे भरून आले. म्हणे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाले माझं शिकवणं समजलं.

भैया शेवटच्या चौकात थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, घाम पुसला.

"काका, पंगत किधर है?"

* * *

आता माझा किस्सा, नाही तर तुम्ही म्हणाल ही बाई दुसऱ्यांचेच सांगते.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, काळू नावाचा एक कुत्रा आहे. काकांनी माझा जोराचा राउंड मुद्दाम त्याच्या कोपऱ्यापासून ठेवला होता. काळू मागे लागला की मी अशी धावायची की साडेसातीही मागे पडली असती. मले त्याची दया आली, की स्वतःची, माहीत नाही. एक दिवस मी त्याले बिस्किट टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो शेपटी हलवत माझ्या बाजूनं चालू लागला. माझा सारा वेग गेला! मी त्याच्याशी गोष्टी करत करत आली, पूर्ण वाक्यात.

काका असे भडकले! "कुत्र्याले बिस्किट काहून दिलं? सहा महिन्यांची मेहनत पाण्यात घातली, पोट्टे!"

माझी पोरगी कॉलेजात आहे. पण 'पोट्टी' ऐकून बरं वाटलं.

* * *

मग गेल्या उन्हाळ्यात काकांले चक्कर आली. डॉक्टर म्हणाले घाबरायसारखं काही नाही, पण शैलाकाकू घाबरायच्या त्या घाबरल्याच. पुण्याहून लेकीनं, प्रज्ञानं, नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं. नाडी फार वर गेली की घंटी थेट प्रज्ञाच्या फोनवर! काकूंनी अट घातली. घड्याळ बांधून धावा. एकदा जरी घंटी वाजली, तर धावणं कायमचं बंद.

काकांचा चेहरा पाहवत नव्हता. त्या माणसाचा जीव त्या राउंडमध्ये आहे हो!

मग काकांनी डोकं चालवलं. धावायच्या आधी घड्याळ साहू भैयाच्या हातात बांधायचं, आल्यावर काढून घ्यायचं. साहू भैया स्टुलावर बसून चहा गाळतो. प्रज्ञा फोनवर खूश. "बाबा, किती शांत नाडी! धावता का झोपता?"

महिनाभर चाललं. मग एका सकाळी सांडानं ठेल्यात तोंड घातलं आणि समोशांची परात उलटली. साहू भैया झारा घेऊन सांडामागे, सांड रस्त्यावर, घंटी पुण्यात!

काकू स्कूटीवर आल्या. एक नजर नवऱ्याच्या रिकाम्या मनगटावर, एक नजर झारा घेऊन हाफणाऱ्या साहू भैयावर.

"भैया, घड़ी उतारो," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही बूट उतरवा."

घड्याळ त्यांनी तिथेच आपल्या हातात चढवलं. बूट घरच्या लोखंडी कपाटात गेले. काका त्या दिवशी मोज्यांवर घरी गेले आणि आम्ही कोणीच हसलो नाही.

* * *

त्यानंतर काका चपला घालून ठेल्यावर येऊन बसायचे. आम्ही धावून आलो की हातही वर करायचे नाहीत. चहा थंडा व्हायचा. मले तर वाटलं, हा माणूस आता असाच बसून म्हातारा होईल.

परवा असेच बसले होते. प्रज्ञाचा फोन आला. आवाज इतका मोठा की साऱ्यांले ऐकू आला.

"बाबा! कपाट कसं उघडलं? आधी थांबा!"

"अगं, मी बसलो आहे. चहा पिऊन राहिलो."

"खोटं बोलू नका! घंटी वाजली म्हणून पाहिलं. नाडी वर, मग खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. चार दिवसांपासून रोज याच वेळेले!"

काकांनी हळूच फोन ठेवला. आमच्याकडे पाहिलं. मग काकूंले लावला, स्पीकरवर. बराच वेळ वाजला.

"अवं शैला, काय करून राहिली?"

तिकडून आधी नुसता श्वास आला. मग आवाज.

"पापड... लाटून... राहिली..."

ठेल्यावर उमाताईंचं वाक्यही तुटलं! काकांनी चहा खाली ठेवला आणि किती दिवसांनी हात वर केला.

"आता हळू," ते फोनात म्हणाले. "श्वास येऊ दे. मग पुढचा राउंड."

तिकडे पावलं हळू झाली.

"हव," काकू म्हणाल्या.