त्यांच्या श्वासाची जागा

माझे मिस्टर गेले, त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला विहारात माझं तोंडच उघडेना. मानोऱ्याजवळच्या आमच्या गावात पालीतली बुद्धवंदना तेच सांगायचे. ते पुढे, आम्ही सारे मागून. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या आवाजाला धरून म्हणत आले. अर्थाच्या वाटेला कधी गेले नाही, आणि आता तो आवाजही नव्हता.

पुण्याची लेक फोनवर म्हणाली, "आई, एकटी बसून काय करून राह्यली? मोबाइलवर पालीचा क्लास लाव."

"या वयात कायले?" असं म्हटलं खरं, पण लावला. निदान आपल्या तोंडाने, समजून वंदना म्हणता यावी, एवढीच इच्छा होती.

रविवारी दुपारी तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायचे. शिकवणाऱ्या बाई नागपूरच्या, माझ्या लेकीपेक्षा लहान. गोंधळ नको म्हणून त्या सगळ्यांचे माइक बंद करायच्या आणि "माझ्यामागे म्हणा" सांगायच्या. पडद्यावर सगळी पांढरी डोकी ओठ हलवायची, आणि घरात बाईंच्या मागून फक्त मी. क्लास संपला की सारे चेहरे एकदम जायचे. मग एकटीपुरता चहा ठेवायचा, त्याचा मला फार राग यायचा.

एकदा बाईंनी माझा माइक उघडला. मी पंचशील म्हणून दाखवलं.

"छान, आजी. पण एका शब्दाच्या मधेच थांबता तुम्ही. तो सलग म्हणायचा."

"आमच्या विहारात असंच म्हनतात," मी फाडकन बोलले.

मोबाइल बंद केल्यावर डोक्यात उजेड पडला. मिस्टरांना दमा होता. शेवटच्या काही वर्षांत त्या शब्दावर त्यांचा दम संपायचा. ते श्वास घ्यायला थांबायचे, आणि मागून आम्हीही थांबायचो. सगळ्या गावाने त्यांचा तो श्वास पाठ केला होता.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. शिकायचं तर मलाच होतं. चिडत चिडत तो शब्द सलग म्हणायला शिकले. अर्थही कळला.

परवाच्या पौर्णिमेला विहारात गेले. आता सगळे मिळूनच म्हणतात. मीही मोठ्याने म्हणू लागले. तो शब्द आला, सगळे नेहमीसारखे थांबले, आणि मी थांबले नाही. तेवढ्यापुरता साऱ्या विहारात माझा एकटीचा आवाज होता, अगदी बरोबर. लोक मिस्टरांसाठी थांबले होते, आणि त्यांना सोडून पुढे गेले ती मी.